पहिली बातमी कोणाची

रेडिओवरचं दहा मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे जेमतेम हजार-अकराशे शब्द. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठळक बातम्या वजा केल्या, की त्यात बारा-पंधरा बातम्या बसतात. वर्तमानपत्राचा वाचक शेवटच्या पानावरून सुरुवात करू शकतो, रेडिओच्या श्रोत्याला ती सोय नाही. आम्ही लावू त्या क्रमाने त्याला ऐकावं लागतं. प्रादेशिक वृत्त विभागात तीन दशकांहून जास्त काळ मी बातम्यांची भाषांतरं केली, बातम्या लिहिल्या आणि वाचल्या. या कामाने जे शिकवलं, त्यातलं बरंचसं या क्रमाबद्दल आहे. एकही शब्द खोटा न लिहिता श्रोत्याची दिशाभूल करता येते. त्याच्या उपयोगाची बातमी नवव्या जागी ढकलली आणि तिचे बारा सेकंद केले, की तेवढ्याने भागतं. राजकीय हस्तक्षेप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल पेन घेतलेला सेन्सॉर अधिकारी येतो. मी पाहिलेला हस्तक्षेप बहुतेक वेळा "ही जरा वर घ्या" एवढ्याच शब्दांत यायचा.

ज्या केंद्रावर मी काम केलं त्याचं किंवा तिथल्या कोणाचं नाव इथे देणार नाही. काही सहकारी अजून त्याच खुर्च्यांवर आहेत, काही या जगात नाहीत, आणि प्रश्न एका केंद्राचा नाहीच.

मी हंगामी वृत्तनिवेदक म्हणून लागले तेव्हा बातमीपत्र हाताने लिहिलं जायचं. दिल्लीची पूल कॉपी, म्हणजे सगळ्या केंद्रांसाठीचा सामायिक मजकूर, टेलिप्रिंटरवर इंग्रजीत यायची. जिल्ह्याजिल्ह्यांतले अंशकालीन वार्ताहर फोनवरून बातम्या सांगायचे आणि आम्ही त्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायचो. पहाटेच्या पाळीला साडेचारला गाडी दाराशी उभी असायची. माझे पहिले वृत्तसंपादक फार बोलत नसत, पण त्यांची एक सक्ती होती. प्रत्येक बातमीच्या समासात पेन्सिलने एक ओळ लिहायची: हे ऐकून श्रोता काय करेल? धरणातून विसर्ग वाढवला, तर नदीकाठचा माणूस गोठ्यातली जनावरं वर हलवेल. बाजार समितीचा बंद जाहीर झाला, तर कांद्याची गाडी आज भरणार नाही. बोर्डाच्या परीक्षेची तारीख बदलली, तर एक अख्खं घर आपलं वेळापत्रक बदलेल. समासात काही लिहिता आलं नाही, तर बातमी खाली जाणार. कोनशिला, उद्घाटनं आणि सदिच्छा भेटी यांच्यापुढचा समास बहुतेक कोरा राहायचा. सरकारचा निर्णय मात्र खाली जायचा नाही, कारण त्यापुढे लिहिण्यासारखं पुष्कळ असायचं. सरकारच्या बातम्या टाळायच्या असा त्या शिकवणुकीचा अर्थ नव्हता. पहिली बातमी ऐकणाऱ्याची, एवढाच अर्थ होता.

या शिस्तीचा कस १९९३ मध्ये लागला. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, गणपती विसर्जनाच्या नंतरची ती पहाट. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती. मृतांचा आकडा तासातासाला बदलत होता आणि महाराष्ट्रभरातून विभागात फोन येत होते: "आमची बहीण तिकडे दिली आहे, गावाचं नाव बातमीत आहे का?" एका अधिकाऱ्याने सुचवलं, की आकडा जरा सांभाळून द्या, घबराट पसरेल. संपादकांनी सांगितलं, आकडा कोणी दिला हे आम्ही प्रत्येक वेळी सांगू, त्यात आमच्या मनाने कमी-जास्त करणार नाही. प्रशासनाचा आकडा वेगळा, वार्ताहराने प्रत्यक्ष पाहिलेलं वेगळं, दोन्ही आपापल्या नावाने जायचं. त्या आठवड्यात लोकांनी आमच्यावर जो विश्वास टाकला, तो आवाजाच्या गोडव्यामुळे नव्हता. आकड्यामागे उभा असलेला माणूस आम्ही लपवला नाही, म्हणून तो होता.

'वर घ्या' सांगणारे फोन मात्र अगदी सुरुवातीपासून येत होते. मंत्र्यांचे स्वीय सहायक, पक्षाचे जिल्हाध्यक्ष, कधी साखर कारखान्याचे अध्यक्ष. "साहेबांचा कालचा कार्यक्रम सकाळी ऐकू आला नाही," अशी सुरुवात व्हायची. अमुक बातमी देऊ नका, असं सहसा कोणी म्हणायचं नाही. आपली द्या, वर द्या आणि साहेबांचं नाव ठळक बातम्यांत येऊ द्या, इतकंच मागणं. हे सगळ्या पक्षांच्या काळात झालं, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. विरोधात असताना आमच्या विभागात येऊन निष्पक्षतेवर तळमळीने बोलून गेलेले नेते सत्तेत आले आणि त्यांच्याच कार्यालयातून तसेच फोन आले. माझ्यासारख्या नव्या मुलीला पहिला धक्का बसला तो या गोष्टीचा.

एका उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते. जिल्हा प्रशासनाच्या पत्रकावरून एक बातमी गेली, की अमुक तालुक्यातल्या सर्व टंचाईग्रस्त गावांना टँकरने पाणीपुरवठा सुरू आहे. पत्रकात गावांची नावं होती, तीही वाचली गेली. काही दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे निवृत्त शिक्षक होते. अक्षर सुंदर, मजकूर थोडका. ज्या गावांची नावं आपण घेतलीत त्यांपैकी एका गावात मी राहतो, शेवटचा टँकर येऊन तीन आठवडे झाले, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचं वाक्य वाचून मी उठून संपादकांच्या टेबलाशी गेले. त्यांनी लिहिलं होतं: आम्ही चौघं तक्रार घेऊन तहसील कचेरीत गेलो, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "पाणी सुरू आहे, रेडिओवरसुद्धा सांगितलंय."

आमचं बातमीपत्र त्या शिक्षकांच्या विरोधातला पुरावा झालं होतं. ज्याच्यासाठी ते ऐकवलं जात होतं त्याचंच तोंड त्याने बंद केलं होतं. माध्यमांवरच्या चर्चासत्रांत मी पुढे पुष्कळ ऐकलं, पण सरकारी माहिती पडताळल्याशिवाय वाचण्याचा परिणाम त्या पोस्टकार्डाइतका थेट कोणी सांगितला नाही.

तेव्हाचे संपादक दुसरे होते, पण त्याच घडणीचे. त्यांनी जिल्ह्याच्या वार्ताहराला मोटारसायकलवर त्या तालुक्यात पाठवलं. वार्ताहर तीन गावं फिरला, सरपंचांशी आणि टँकरचालकाशी बोलला, नोंदवही पाहून आला. दुसऱ्या दिवशी पंचवीसेक सेकंदांची बातमी गेली: तीन गावांत टँकर पोहोचलेला नाही, ग्रामस्थांचं म्हणणं असं, प्रशासनाचं असं. दुपारी पालकमंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला. सरकारी रेडिओ सरकारच्या विरोधात कसा बोलतो, असा प्रश्न होता. संपादक म्हणाले, बातमीत चूक असेल तर लेखी कळवा, उद्याच्याच बातमीपत्रात दुरुस्ती देतो. तसं पत्र कधी आलं नाही. टँकर मात्र त्याच आठवड्यात गावात गेला, हे त्या शिक्षकांच्या दुसऱ्या कार्डावरून कळलं.

काही महिन्यांनी संपादकांची बदली झाली. बदलीच्या आदेशात कारण लिहिलेलं नसतं, आणि बदल्या एरवीही होतात, त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध होता असं मी म्हणू शकत नाही. पण विभागातल्या प्रत्येकाने तो मनातल्या मनात जोडला, आणि परिणामाला तेवढं पुरलं. नव्या संपादकांना कोणीही काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांच्या पहिल्याच आठवड्यात टंचाईच्या बातम्या आपोआप खाली सरकल्या. त्या सरकवणारे हात आमचे, भाषांतरकारांचे आणि सहायकांचे होते.

इथे एक रचना समजून घ्यावी लागते. रेडिओच्या वृत्त विभागाचा प्रमुख बहुधा भारतीय माहिती सेवेतला अधिकारी असतो, आणि ही सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. आज तो बातम्यांचा संपादक असतो. उद्या त्याची बदली पत्र सूचना कार्यालयात होऊ शकते, तिथे मंत्रालयांची प्रसिद्धिपत्रकं काढणं हे त्याचं काम असतं. परवा तो पुन्हा बातम्यांच्या टेबलावर येतो. माणूस कितीही सरळ असो, एकाच नोकरीत त्याला आलटून पालटून सरकारचा प्रवक्ता आणि सरकारला जाब विचारणारा व्हायला सांगितलं जातं. त्याच्या बढतीचा आणि बदलीचा कागद ज्या दालनातून निघतो, त्या दालनाची बातमी तो सातव्या जागी कशी ठेवेल? तरीही ठेवणारे अधिकारी मी पाहिले. त्यांच्याबद्दल मला जन्मभर आदर राहील. पण दर पाच-सात वर्षांनी एखादा खंबीर माणूस येईल या भरवशावर कोट्यवधी लोकांची बातमी सोडता येत नाही.

आणीबाणीच्या गोष्टी आम्ही ज्येष्ठांकडून ऐकलेल्या. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशाला ती रेडिओवरच्या पंतप्रधानांच्या भाषणातून कळली. काही दिवसांतच माहिती आणि प्रसारण मंत्री बदलले. इंद्रकुमार गुजराल गेले, विद्याचरण शुक्ल आले. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली गेली, म्हणजे बातमीचा उगमच एक झाला. सरकारच्या कार्यक्रमात सहकार्य केलं नाही म्हणून किशोरकुमारची गाणी बंद झाली. ज्येष्ठ सांगायचे, की त्या एकवीस महिन्यांत सर्वांत भीतीदायक गोष्ट आदेश नव्हते; आदेश यायच्या आत माणसं स्वतःच कागद फाडत होती.

३१ ऑक्टोबर १९८४ मला स्वतःला आठवतो. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली. आपल्या रेडिओने ती अधिकृतपणे संध्याकाळी सहाला सांगितली. आमच्या वाड्यात दुपारभर सगळे एका शॉर्टवेव्ह संचाभोवती बसले होते, आणि आपल्या देशाच्या पंतप्रधानांचं काय झालं हे लंडनहून ऐकत होते. माझे वडील नेमाने रेडिओ ऐकणारे. त्यानंतर कोणतीही मोठी बातमी आली, की ते आधी बीबीसी लावायचे आणि मग आपल्या बातम्या. मी या कामात आल्यावरही त्यांची ती सवय गेली नाही. विश्वास एका दुपारी जाऊ शकतो आणि मुलीचा आवाज रोज ऐकूनही परत येत नाही, हे मी घरात पाहिलं आहे.

आणीबाणीनंतर बी. जी. वर्गीज यांच्या समितीने १९७८ मध्ये स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली होती. अशा स्वायत्त संस्थेसाठीचा प्रसार भारतीचा कायदा संसदेत झाला तो १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. मधल्या काळात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या त्या निकालात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेला हा वाद, पण आमच्या विभागात त्या दिवशी ती बातमी भाषांतरित करताना हात थबकला होता. लहरी सरकारच्या नाहीत, जनतेच्या आहेत, हे आम्ही जनतेच्या लहरींवरून वाचणार होतो. १९९७ मध्ये आम्हाला खरोखर वाटलं होतं, की आता फोन येणार नाहीत. पण पैसा सरकारी अनुदानातून येत राहिला, वृत्तसंपादक मंत्रालयाच्याच सेवेतून येत राहिले. कायद्यात संसदीय समितीची आणि प्रसारण परिषदेची तरतूद आहे, पण तिचा आधार बातम्यांच्या टेबलावर बसलेल्या कोणाला कधी मिळाल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. भारतात खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. सरकारी बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा ऐकवता येतं, तेवढंच. शेकडो खाजगी केंद्रं आहेत, आणि रेडिओवरची बातमी मात्र एकाच घरातून येते. म्हणून त्या घराचं दार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आमच्या नोकरीपुरता राहत नाही.

स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मी या कामात अनुभवलं ते दर निवडणुकीच्या आचारसंहितेत. बाहेर लोकांना तो बंधनांचा काळ वाटतो. आमच्यासाठी तो मोकळा श्वास होता. आचारसंहिता लागली, की मंत्र्यांच्या घोषणा बातमीपत्रातून जवळजवळ नाहीशा व्हायच्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी, पिकं, रस्ते, परीक्षा वर यायच्या. सभांच्या बातम्या घड्याळ लावून मोजल्या जायच्या. फोन आला, तर आमचा सर्वांत कनिष्ठ सहायकसुद्धा शांतपणे सांगायचा, "साहेब, आयोगाचा नियम आहे, जमणार नाही." तोच मुलगा महिन्यापूर्वी फोन आला की उभा राहून बोलायचा. मुलगा तोच, खुर्ची तीच, पगार तोच. फरक इतकाच, की आता त्याच्या मागे एक लिखित नियम होता आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारणारं कोणीतरी होतं. धाडस ही स्वभावाची गोष्ट आहे असं मी तोवर मानत होते. त्यानंतर मानणं सोडलं.

१९७७ पासून मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत रेडिओवर आणि दूरदर्शनवर विनामूल्य वेळ मिळतो. विरोधी पक्षाचा नेता त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलतो, अशी सरकारी माध्यमातली ती एकच जागा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी यांना त्यांच्या भाषणातून 'सांप्रदायिक एकाधिकारशाही राजवट' आणि 'जुलमी कायदे' या अर्थाचे शब्द वगळायला सांगण्यात आलं, आणि फॉरवर्ड ब्लॉकच्या जी. देवराजन यांना 'मुस्लिम' हा शब्द. निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार त्यासाठी सांगितला गेला. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या नियमांच्या आडोशाने आम्ही वर्षानुवर्षं उभे राहिलो, तेच नियम विरोधकाचं वाक्य छाटायला वापरले जात होते.

हंगामी माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वृत्त विभाग बराचसा त्यांच्यावर चालतो. महिन्याला मोजक्या ड्युट्या, प्रत्येक ड्युटीचा ठरावीक मोबदला, ना रजा, ना निवृत्तिवेतन. पुढच्या महिन्याचा तक्ता लागतो त्यात आपलं नाव आहे की नाही, हे त्या दिवशीच कळतं. माझी एक सहकारी होती. उच्चार स्वच्छ, वाचन इतकं समजूतदार की ऐकणाऱ्याला बातमी दोनदा ऐकावी लागत नसे. एका संपाच्या बातमीत कामगारांची मागणी काय आहे, हे सांगणारं वाक्य बसवण्यासाठी तिने हट्ट धरला आणि ते वाक्य गेलं. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तिचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. कोणी तिला काढलं नाही, कोणी रागावलं नाही, कुठे कागद झाला नाही. ती विचारायला गेली तेव्हा "या वेळी बसलं नाही, पुढे पाहू" असं अगदी सौजन्याने सांगण्यात आलं. तिच्या घरी आजारी सासरे आणि शिकणारी मुलं होती. तिने एका शाळेत नोकरी धरली. आमच्यातल्या प्रत्येकाने तो तक्ता पाहिला, आणि त्यानंतर संपाच्या बातमीत मागणीचं वाक्य घालण्याचा हट्ट फारसा कोणी केला नाही. वृत्तस्वातंत्र्यावर परिसंवाद होतात तेव्हा संपादक आणि मालक यांच्याबद्दल बोललं जातं. ड्युट्यांचा तक्ता कोण लावतो, हे कोणी विचारत नाही.

फोन थांबले तो काळ मला नेमका सांगता येणार नाही. हळूहळू कमी होत गेले आणि एके दिवशी लक्षात आलं, की कित्येक आठवड्यांत कोणी 'वर घ्या' म्हटलेलं नाही. विभागातल्या तरुण मुलांना ती सुधारणा वाटली. मला काळजी वाटली, कारण बातमीपत्र मी रोज वाचत होते. मोबाइलवरच्या गटांमधून तयार मजकूर यायचा. त्यात मथळा, मंत्र्यांचं विधान आणि फायदा मिळालेल्या माणसाचं नाव-गाव असं सगळं बसवलेलं असायचं. योजनांच्या यशोगाथा किती गेल्या, याचा तक्ता वर पाठवावा लागायचा. अपयशाची बातमी किती गेली, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. बातमीचा क्रम बाहेरून कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती, तो आमच्या बोटांत बसला होता. नवीन आलेल्या एका हुशार मुलाला मी विचारलं, पीकविम्याच्या तक्रारींची बातमी शेवटी का घेतलीस? तो गोंधळून म्हणाला, "मॅडम, ती नेहमी शेवटीच असते ना?" त्याला कोणी दबाव आणला नव्हता. दबाव म्हणजे काय हे त्याला कळणारही नव्हतं, कारण त्याने वेगळं बातमीपत्र कधी पाहिलंच नव्हतं.

लोकशाही खालावते म्हणजे नेमकं काय होतं, याचं माझं उत्तर हे आहे. निवडणुका होतात, निकाल लागतात, बातमीपत्र वेळेवर सुरू होतं, वेळेवर संपतं. पण टँकर आला नाही हे सांगणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं कुठे नोंदवायचं, ती जागा उरत नाही. बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. हंगेरीत २०२२ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराला सरकारी दूरचित्रवाणीवर पाच मिनिटं मिळाली होती. नियमाप्रमाणेच. पोलंडमध्ये २०१६ मध्ये सत्ताधाऱ्यांनी सार्वजनिक वाहिन्यांवर आपली माणसं बसवली. डिसेंबर २०२३ मध्ये नवं सरकार आलं, तेव्हा वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण तोडून ती माणसं हटवावी लागली. त्या नव्या सरकारचा हेतू चांगला असेलही, पण एकदा दार सत्तेच्या हातात गेलं की ते नीट करायलाही सत्ताच लागते, आणि मग पुढचा येणारा तेच करतो. आमच्याकडच्या फोनांचा इतिहास मला माहीत असल्यामुळे यातलं काहीच परकं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र आशा देणारी घडली. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय आला, तेव्हा सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्यांसाठी लोक उठून बोलले. कितीतरी श्रोत्यांनी लिहिलं, विविध पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी विरोध केला, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मला त्यातून कळलं, की आपल्या भाषेतली, आपल्या जिल्ह्यांची बातमी लोकांना अजून हवी आहे. ती वाचवण्यासाठी लोक एकत्र येतात. विभाग राहिला पाहिजे म्हणून ते जसे बोलले, तसे बातमीचा क्रम नीट लागला पाहिजे म्हणूनही बोलतील, असं मला वाटतं. फक्त तो क्रम कोण आणि कसा लावतो, हे त्यांना दिसलं पाहिजे.

त्यासाठी काय करता येईल, हे मी एका संपादकांकडूनच शिकले. ते आमच्याकडे अगदी थोडा काळ होते. आल्या आल्या त्यांनी एक जाड नोंदवही आणली आणि फोनशेजारी ठेवली. कोणत्याही मंत्र्याच्या, आमदाराच्या, पक्षाच्या किंवा अधिकाऱ्याच्या कार्यालयातून बातमीबद्दल फोन आला, की वेळ, नाव, मागणी आणि आपण काय केलं, हे चार रकाने भरायचे. फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगायचं, "नोंद करून घेतोय, आपलं नाव परत सांगाल?" पहिल्या आठवड्यात तीन पानं भरली. महिनाभरात एका पानाला आठ दिवस लागायला लागले. कोणाशी भांडण झालं नाही, कोणावर आरोप झाला नाही. ज्यांची मागणी रास्त होती त्यांची बातमी गेली, आणि का गेली तेही वहीत लिहिलं गेलं. ते गेल्यावर वही कपाटात गेली.

ती वही पुन्हा बाहेर यावी, असं माझं मागणं आहे. प्रत्येक वृत्त विभागात अशी नोंद सक्तीची असावी, आणि मोबाइलवरून आलेल्या सूचनाही तिच्यात उतराव्यात. माहिती अधिकारात ती कोणालाही मागता यावी. वृत्तसंपादकाला निश्चित मुदत मिळावी, आणि मुदतीआधी बदली झाली तर कारण लेखी द्यावं लागावं. बातम्यांच्या टेबलावरून त्याला थेट प्रसिद्धी विभागात आणि तिथून परत टेबलावर पाठवू नये. हंगामी कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या पाळीपाळीने लागाव्यात आणि तो तक्ता, वगळलेल्या नावांच्या कारणांसह, सूचना फलकावर लागावा. यातल्या कुठल्याच गोष्टीला फार पैसा लागत नाही. मी याचा मसुदा लिहून काही माजी सहकाऱ्यांना वाचायला दिला आहे. शाळेत नोकरी धरलेल्या माझ्या त्या सहकारिणीने तो परत पाठवताना तक्त्याच्या कलमात एक दुरुस्ती केली आहे: तक्ता महिना सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी लागावा, म्हणजे ज्याचं नाव नसेल त्याला दाद मागायला वेळ मिळेल. ती मी तशीच ठेवली आहे.